हवेचा गणिती : लुइस फ्राय रिचर्डसन

रोज सायंकाळीं उद्यांच्या पावसाचें भाकीत ऐकून छत्री बरोबर घ्यावी कीं न घ्यावी हें ठरविणारा मनुष्य त्या भाकितामागें कोणाची बुद्धि उभी आहे ह्याचा विचार सहसा करीत नाहीं. पंचांगांत मृगाचें वाहन यंदा बेडूक आहे कीं गाढव आहे एवढें पाहून ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पेरणीचे बेत केले, त्यांना निदान त्या वाहनांचीं नांवें तरी ठाऊक होतीं! हल्लींच्या भाकिताचें वाहन म्हणजे संगणकयंत्र. पुण्यास पाषाण येथील उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंत २०२४ सालीं ‘अर्क’ नांवाचें असें एक महायंत्र सुरू झालें. हवेचा दाब, वारा, उष्णता आणि बाष्प ह्यांचे आजचे आंकडे त्यास द्यावयाचे, निसर्गाचे नियम समीकरणांच्या रूपानें त्याच्यापुढें ठेवावयाचे, आणि उद्यांचे आंकडे त्याच्याकडून काढून घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. हें गणित प्रथम एका मनुष्यानें हातानें केलें. फ्रान्समधील रणभूमीच्या पिछाडीस, गवताच्या राशीवर बसून, जखमी शिपायांना वाहून नेण्याच्या कामांतून सवड काढून त्यानें तें केलें. आणि तें साफ चुकलें. त्या मनुष्याचें नांव लुइस फ्राय रिचर्डसन. ते धर्मानें ख्रिस्ती व पंथानें क्वेकर होते. आणि ज्या हवामानशास्त्रांत त्यांचें नांव पुढें कायमचें झालें त्याच शास्त्रांतून ऐन उमेदींत त्यांनीं स्वतः होऊन निवृत्ति पत्करली. ती कां पत्करली, आणि तिचें मोल काय पडलें, हें सांगण्याचा आमचा आजचा हेतु आहे.

क्वेकर पंथाविषयीं दोन शब्द आधीं सांगितले पाहिजेत. त्यावांचून ह्या चरित्राचा उलगडा होणार नाहीं. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स ह्यांच्या उपदेशानें इंग्लंडांत हा पंथ निघाला. हे लोक स्वतःस ‘फ्रेंड्स’ म्हणजे मित्र म्हणवितात. इंग्लंडांतील त्यांच्या उपासनेस पुरोहित लागत नाहीं, वेदी लागत नाहीं, संस्कारविधि लागत नाहींत. सर्वांनीं मिळून निःशब्द बसावयाचें आणि ज्याच्या अंतःकरणांत प्रेरणा होईल त्यानें उठून बोलावयाचें, एवढीच ती उपासना. प्रत्येक मनुष्याच्या ठायीं ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे ही त्यांची मुख्य श्रद्धा, आणि ज्याच्या ठायीं तो अंश आहे त्याच्यावर शस्त्र उगारावयाचें नाहीं हा तिच्यांतून निघणारा नियम. १६६१ सालीं खुद्द दुसऱ्या चार्ल्स राजास त्यांनीं हें लेखी कळविलें होतें. गळ्यांत माळ घातलेल्या वारकऱ्यास जसें मद्यमांस वर्ज्य, आणि त्याविषयीं तो पंगतींत वाद घालीत बसत नाहीं, तसेंच ह्या लोकांना युद्ध वर्ज्य. गांधीजींचे स्नेही हॉरेस अलेक्झांडर हे ह्याच पंथाचे. १९४२ सालीं क्वेकरांच्या शुश्रूषापथकाची एक तुकडी घेऊन ते बंगालमध्यें आले होते, हें कित्येकांच्या वाचनांत आलें असेल.

रिचर्डसन ह्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजीं न्यूकॅसल येथें झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा कातडीं कमावण्याचा कारखाना होता. यॉर्क येथील बूथम नांवाच्या क्वेकर शाळेंत आणि पुढें केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १९०३ सालीं सृष्टिशास्त्राच्या परीक्षेंत ते पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनीं इतक्या नोकऱ्या धरल्या व सोडल्या कीं आपल्याकडील कोणत्याहि वधूपित्यानें त्यांच्या पत्रिकेकडे पाहिलेंहि नसतें. कधीं सरकारी भौतिक प्रयोगशाळा, कधीं वेल्समधील कॉलेज, कधीं पीटचा म्हणजे दलदलींतील जळाऊ मातीचा कारखाना, तर कधीं विजेच्या दिव्यांची कंपनी! तरी १९०९ सालीं डोरोथी गार्नेट ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. डोरोथीबाईंचे वडील विल्यम गार्नेट हे थोर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल ह्यांचे केंब्रिजमधील साहाय्यक होते. मनुष्य पारखण्याची दृष्टि त्या घरांत असली पाहिजे.

ह्या भटकंतीपैकीं पीटच्या कारखान्यांतील मुक्काम तर मुळींच फुकट गेला नाहीं. दलदलीस चर खणले असतां पाणी कसें झिरपेल असा तेथें प्रश्न होता. त्याचें समीकरण मांडतां येई, पण भूमीचा आकार वेडावांकडा असल्यामुळें कलनशास्त्राच्या नेहमींच्या रीतींनीं तें सुटेना. रिचर्डसन ह्यांनीं निराळी वाट काढली. सबंध क्षेत्राचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनास एक आंकडा द्यावयाचा, आणि शेजारशेजारच्या आंकड्यांच्या वजाबाकीवरून पुढें जावयाचें. कलनशास्त्राचा डौल गेला खरा, पण नुसत्या बेरीज-वजाबाकी-गुणाकारानें कामापुरतें उत्तर हातीं येऊं लागलें. ह्याच रीतीनें दगडी धरणाच्या पोटांतील ताणांचें गणित त्यांनीं केलें, आणि तें रॉयल सोसायटीकडे पाठविलें. हिशेबासाठीं त्यांनीं मुलगे लावले होते. बरोबर आंकड्यास पैसे, चुकलेल्यास कांहीं नाहीं. केंब्रिजच्या पंडितांना हें अजमासाचें गणित फारसें रुचलें नाहीं. अचूक उत्तर जेथें नाहीं तेथें चालण्याजोगें उत्तर काढणें ही कारकुनी होय, असें पुष्कळ विद्वानांस वाटतें; आमच्या व्यवसायांतून हा समज अद्याप गेलेला नाहीं.

ह्या मनुष्याची बुद्धि कशी चालत असे ह्याचा एक मासला येथें देतों. १९१२ च्या एप्रिलांत ‘टायटॅनिक’ जहाज हिमनगावर आदळून बुडालें. त्यानंतर आठवड्याच्या आंतच, ध्वनि सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून धुक्यांतला अडथळा ओळखण्याच्या युक्तीसाठीं रिचर्डसन ह्यांनीं पेटंटचा अर्ज केला, आणि पुढच्या महिन्यांत पाण्याखालून तसाच ध्वनि सोडण्याच्या युक्तीसाठीं दुसरा. प्रयोग कसा केला म्हणाल, तर वाइट नांवाच्या बेटाच्या किनाऱ्यानजीक होडींत बसून ते शिट्टी वाजवीत, आणि उघडी छत्री कानामागें धरून धक्क्यावरून परत येणारा आवाज टिपीत! युक्ति प्राण वाचविण्यासाठीं निघाली होती. पुढें दुसऱ्यांनीं तिचें यंत्र बनविलें तें पाणबुड्या हुडकून बुडविण्यासाठीं. शोध एकानें एका हेतूनें लावावा आणि तो दुसऱ्यानें भलत्याच हेतूनें वापरावा, हा अनुभव रिचर्डसन ह्यांच्या आयुष्यांत पुन्हां येणार होता.

१९१३ सालीं ते हवामानखात्यांत शिरले व दक्षिण स्कॉटलंडच्या डोंगरांतील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख झाले. जागा एकांताची, पाऊस मुबलक, आणि वरिष्ठ नेपिअर शॉ हे समजूतदार. ह्या सुमारास हवेचें भाकीत करणारे लोक जुन्या नकाशांत आजच्यासारखी स्थिति शोधीत, आणि त्या वेळीं पुढें जें झालें तेंच आतांहि होईल असें मानीत. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे तेव्हांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे दूरदूरच्या वेधशाळांचे आंकडे एकमेकांशीं जुळवून मान्सूनचा माग काढीत होते. ती खटपट मोठी होती व तिच्यांतून मोलाचें ज्ञान निघालें, पण तोहि मार्ग मागील अनुभवाचाच होता. रिचर्डसन ह्यांचें म्हणणें असें कीं, ग्रहण वर्तवितांना ज्योतिषी कांहीं जुन्या आकाशाची आजच्या आकाशाशीं तुलना करीत बसत नाहीं; तो नियम लावून गणित करतो. मग वाऱ्याचें गणित कां करूं नये? नॉर्वेचे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस ह्यांनीं १९०४ सालींच तत्त्व म्हणून हें मांडलें होतें. समीकरणें ठाऊक होतीं, परंतु तीं सोडवावयाचीं कशीं हें कोणास सुचलें नव्हतें. तीं सोडविण्याची किल्ली पीटच्या दलदलींतून रिचर्डसन ह्यांच्या हातीं आधींच आली होती.

इतक्यांत महायुद्ध सुरू झालें. वेधशाळेचें काम करीत ते घरीं राहिले असते तर त्यांस कोणी नांव ठेवलें नसतें. पण लढाई जवळून पाहण्याची जिज्ञासा आणि मनुष्यहत्येचा तिटकारा ह्या दोहोंच्या ओढाताणींत आपण सांपडलों होतों, असें त्यांनीं पुढें प्रांजळपणें सांगितलें आहे. रजा मिळेना, तेव्हां १९१६ च्या मे महिन्यांत त्यांनीं राजीनामा दिला, आणि क्वेकरांच्या शुश्रूषापथकांत मोटार हांकणारे म्हणून ते फ्रान्सला गेले. त्यांची तुकडी फ्रेंच पायदळाच्या सोळाव्या डिव्हिजनला जोडलेली होती. युद्ध संपेपर्यंत ह्या एका तुकडीनें पाऊण लाखाच्या आसपास जखमी व आजारी माणसें वाहून नेलीं. चिखलाचे रस्ते, रात्रीचा अंधार, तोफांचा मारा, आणि मागच्या बाजूस विव्हळणारीं माणसें, असा हा उद्योग होता.

ह्या उद्योगांतून विश्रांतीस मागें आलें कीं थंड, ओलसर मुक्कामावर गवताच्या राशीला आपली कचेरी समजून रिचर्डसन आंकडे मांडीत. गणितासाठीं त्यांनीं २० मे १९१० ह्या दिवसाची सकाळ निवडली होती. त्या दिवशीं युरोपांत ठिकठिकाणीं बलून सोडून वरच्या हवेचे वेध घेतले गेले होते, व ब्यर्कनेस ह्यांनीं ते लाइप्झिग येथें छापून काढले होते. योगायोग असा कीं हॅलेचा धूमकेतु त्याच दिवसांत पृथ्वीजवळून जात होता. मध्य युरोपच्या नकाशावर सुमारें दोनशें किलोमीटर बाजूचे चौकोन, प्रत्येक चौकोनावर हवेचे एकावर एक पांच थर, आणि सर्वांचा मिळून सहा तासांपुरता हिशेब, असा बेत होता. आणि तोहि संपूर्ण नकाशासाठीं नव्हे, तर अवघ्या दोन स्तंभांसाठीं. कोष्टकें आंखण्यास व हा पहिला हिशेब करण्यास त्यांना जवळजवळ सहा आठवडे लागले. होऊन गेलेल्या दिवसाचें भविष्य सहा वर्षांनंतर वर्तविण्याचा हा खटाटोप पाहून सोबत्यांना काय वाटलें असेल तें असो!

उत्तर आलें तें असें कीं म्यूनिच शहराच्या आसपास सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल. समुद्रसपाटीवर हवेचा एकंदर दाब सुमारें १००० मिलिबार असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या उत्तराचा वेडेपणा कळेल. मोठाल्या वादळांतहि सहा तासांत इतका फरक पडत नाहीं. आणि त्या सकाळीं तर तेथील वायुभारमापकाचा पारा जवळजवळ जागचा हालला नव्हता.

१९१७ च्या एप्रिलांत शांपान्यच्या लढाईच्या वेळीं हें हस्तलिखित पिछाडीस पाठविलें गेलें व तेथें तें गहाळ झालें. कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं तें सांपडलें. एखाद्याला हा ईश्वरी संकेत वाटता: चुकलेलें गणित कोळशांत गेलें, बरें झालें! रिचर्डसन ह्यांनीं तें झटकून घेतलें, सुधारून वाढविलें, आणि १९२२ सालीं केंब्रिजच्या छापखान्याकडून पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. त्यांत तें चुकलेलें उत्तर झांकलें नाहीं, तळटीपेंत ढकललें नाहीं. प्रत्येक पायरी, प्रत्येक कोष्टक आणि शेवटचा तो हास्यास्पद आंकडा त्यांनीं जशाचा तसा छापला. आमच्या मतें त्यांच्या चारित्र्याचा सर्वांत मोठा पुरावा तो हाच. कारण सगळें उघड्यावर मांडलेलें असल्यामुळेंच पुढच्यांस त्यांतील चूक शोधतां आली. चूक पद्धतींत नव्हती. भरतीचा अंदाज बांधावयाचा असतां पाण्याची उंची नेमकी एका उसळत्या लाटेच्या माथ्यावर मोजली म्हणजे जें होईल तें येथें झालें होतें. वारा आणि दाब ह्यांचे मूळ आंकडे एकमेकांशीं बसते नव्हते, आणि त्यांतील क्षणिक आंदोलनच सहा तास टिकणारें म्हणून धरलें गेलें होतें. आयर्लंडचे गणितज्ञ पीटर लिंच ह्यांनीं अलीकडे तेच आंकडे आधीं निवळून घेऊन रिचर्डसन ह्यांचाच हिशेब पुन्हां केला, तेव्हां दाबांतील फरक एका मिलिबारहून कमी निघाला.

त्या पुस्तकांत रिचर्डसन ह्यांनीं एक कल्पनाचित्र रंगविलें आहे. नाटकगृहासारखें एक प्रचंड गोल दालन. त्याच्या भिंतींवर सबंध पृथ्वीचा नकाशा. सज्जासज्जांतून हजारों गणक बसलेले, प्रत्येकाकडे आपापल्या प्रदेशाचा तुकडा. आणि मध्यभागीं उंच खांबावर उभा असलेला प्रमुख, जो पुढें धांवणाऱ्या प्रदेशावर एका रंगाचा प्रकाश टाकतो व मागें रेंगाळणाऱ्यावर दुसऱ्या, कीं सर्वांनीं एका तालांत चालावें. हवेच्या बरोबरीनें धांवण्यास ६४,००० गणक लागतील असा त्यांचा अंदाज होता. पण आमचें लक्ष वेधून घेतलें तें एका बारीक तपशिलानें. दालनाबाहेर खेळण्याचीं मैदानें, घरें, डोंगर व तळीं असावींत, कारण जे हवेचें गणित करतात त्यांना ती मोकळेपणानें घेतां आली पाहिजे, असें त्यांनीं सुचविलें आहे! चौसष्ट हजार कारकुनांच्या फुप्फुसांची काळजी करणारा हा शास्त्रज्ञ आम्हांला फार जवळचा वाटतो. पुस्तक वाचणारे मात्र थोडेच निघाले. पद्धति सुंदर पण अव्यवहार्य, असा निर्णय देऊन विद्वज्जन स्वस्थ बसले.

आतां त्या निवृत्तीकडे वळूं. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं रिचर्डसन पुन्हां हवामानखात्यांत आले, आणि बेन्सन येथें डाइन्स ह्या नामांकित वेधकाराच्या हाताखालीं वरच्या हवेचा अभ्यास करूं लागले. पुढच्याच वर्षीं सरकारनें तें खातें हवाई मंत्रालयाच्या ताब्यांत दिलें. म्हणजे नकाशे तेच, वायुभारमापक तेच, वेतनहि तेंच. पण धनी तो, ज्याच्याकडे लढाऊ विमानांचा कारभार होता. रिचर्डसन ह्यांनीं राजीनामा दिला. त्यांस त्या वेळीं बंदुकीला हात लावावयास कोणी सांगितलें नव्हतें. ढगांचीं मोजमापें घेणाऱ्यानें इतका सोवळेपणा कां करावा, असें कोणी म्हणेल. पण चार वर्षांपूर्वीं ज्यानें मागच्या बाजूला विव्हळणारीं माणसें घालून मोटार हांकली होती, त्याला त्या पगाराच्या पैशाचा उगम विसरतां येत नव्हता.

नोकरी सोडली तरी शास्त्र सोडलें नव्हतें. लंडनच्या एका अध्यापक-महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत त्यांनीं वाऱ्यांतील भोंवऱ्यांवर काम चालू ठेविलें; मोठ्या भोंवऱ्याच्या पोटांत लहान, लहानाच्या पोटांत त्याहून लहान, अशी शक्तीची परंपरा कशी उतरत जाते हें त्यांनींच प्रथम स्पष्ट सांगितलें. हवेच्या खळबळीचें माप देणारी एक संख्या आजहि त्यांच्या नांवानें ओळखली जाते. १९२६ सालीं धूर किंवा वायु हवेंत कसा पसरत जातो ह्यावर त्यांचा महत्त्वाचा लेख निघाला, आणि त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें. आणि येथेंच दुसरा व अधिक कठोर प्रसंग आला. वायु हवेंत कसा पसरतो हें जाणून घेण्याची सर्वांत अधिक उत्कंठा कोणाला होती? विषारी वायूच्या तज्ज्ञांना. डोरोथीबाईंनीं पुढें सांगितलें आहे कीं, ही गोष्ट ध्यानांत येतांच त्यांच्या पतीनें हवेवरील आपलें संशोधन थांबविलें आणि जें छापलें गेलें नव्हतें तें नष्ट करून टाकलें. त्यांच्या जिवाला त्यानें काय यातना झाल्या असतील त्या कोणालाहि कळावयाच्या नाहींत.

ह्या कृत्याविषयीं आमच्या मनांत दोन विचार येतात. कागद जाळल्यानें ज्ञान मरत नाहीं. आज एकानें दडविलेलें उद्यां दुसरा शोधतो, आणि छापून गेलेला लेख तर कोणाहि सेनापतीच्या टेबलावर जाऊन पडतो. ह्या दृष्टीनें तो त्याग निष्फळ होता. पण तसें पाहिलें तर असहकारितेचीं सगळींच कृत्यें ह्या हिशेबानें निष्फळ ठरतील. रिचर्डसन ह्यांनीं जगाला अडविण्याचा आव आणला नव्हता. ज्या कामांत आपला हात असूं नये त्यांतून त्यांनीं आपला हात काढून घेतला. आणि हा हात कांहीं सामान्य माणसाचा नव्हता, त्या विषयांतील पृथ्वीवरच्या पहिल्या दोनचार हातांपैकीं तो होता, म्हणून त्याचें मोल.

मग त्यांनीं स्वतःस नव्या शाळेंत घातलें. स्वतः अध्यापक असतांना ते लंडन विश्वविद्यालयाचे बाहेरचे विद्यार्थी झाले, आणि १९२९ सालीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, मानसशास्त्राची पदवी घेऊन बसले. त्याच वर्षीं स्कॉटलंडांतील पेझ्‌ली गांवच्या तांत्रिक महाविद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले. लढाईस नकार देणाऱ्यास मोठीं विश्वविद्यालयें जवळ करीत नव्हतीं. ज्यांना कॉलेजांतील वेळापत्रक, फीचीं कोष्टकें आणि संध्याकाळचे वर्ग ह्यांचा अनुभव आहे, त्यांनाच मुख्याध्यापकाच्या हातांत संशोधनाला किती वेळ उरतो हें विचारावें. त्या उरलेल्या वेळांत रिचर्डसन ह्यांनीं युद्धाचें गणित मांडावयास घेतलें.

ह्याचें बीज जुनेंच होतें. युद्धाच्या मानसशास्त्राचें गणित ह्या विषयावर एक पुस्तिका त्यांनीं १९१९ सालीं स्वखर्चानें काढून आपल्या मोटार-तुकडीच्या सोबत्यांस अर्पण केली होती. तिची मूळ कल्पना आतां पूर्ण रूपास आली. दोन राष्ट्रें घ्या. एकाचीं शस्त्रें जितकीं अधिक तितकी दुसऱ्याची भीति अधिक, आणि भीतीच्या प्रमाणांत त्याचीहि शस्त्रें वाढणार. उलट शस्त्रांचा खर्च डोईजड झाला म्हणजे तो वाढीला लगाम घालणार. आणि ह्या दोहोंखेरीज जुन्या रागाचें एक स्थिर प्रमाण. वाड्याच्या सामाईक भिंतीवरून भांडणारे शेजारी आळीपाळीनें आपापली बाजू वीत वीत वाढवीत जातात, त्यांतलाच हा प्रकार. भीति खर्चाहून वरचढ झाली कीं समीकरण सुटतें, आणि दोन्हीं भिंती अमर्याद वाढूं लागतात. १९०९ ते १९१३ मधील युरोपीय राष्ट्रांच्या लष्करी खर्चाचे आंकडे त्यांनीं ह्यांत घालून पाहिले, तों ते ह्या नियमाशीं विलक्षण जुळले. त्यांचा हा ग्रंथ १९३९ च्या जूनमध्यें निघाला. सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध पेटलें. त्यांनीं असेंहि बजावून ठेविलें होतें कीं हें भविष्य नव्हे. माणसें विचार करावयास थांबलीं नाहींत तर काय होईल एवढेंच हें गणित सांगतें.

१९४० सालीं, अठ्ठावन्नाव्या वर्षीं, ते नोकरींतून निवृत्त झाले, कीं उरलेलें आयुष्य ह्याच कामाला द्यावें. १९४३ पासून त्यांचा मुक्काम स्कॉटलंडच्या पश्चिमेस खाडीकांठच्या किल्मन ह्या लहानशा गांवीं होता. तेथें त्यांनीं १८२० पासूनच्या सर्व प्राणघातक भांडणांची नोंदवही तयार केली. युद्ध, बंड, दंगल, खून असे भेद त्यांनीं मानले नाहींत; मेलेल्यांची संख्या हीच एक कसोटी. एकाच्या पुढें किती शून्यें, त्यावरून भांडणाची प्रत ठरावयाची: एका माणसाचा खून शून्य प्रतीचा, हजार मेले तर तिसऱ्या प्रतीचें, कोटि मेले तर सातव्या. १८२० ते १९४५ ह्या काळांत सातव्या प्रतीचीं भांडणें दोनच, तीं दोन महायुद्धें; आणि सर्व भांडणांत मिळून मेलेल्यांपैकीं सुमारें साठ टक्के माणसें त्या दोहोंत गेलीं. त्यांच्या खालोखाल मेलीं तीं लढायांत नव्हेत, तर एकएकट्या खुनांत. सहाव्या प्रतीच्या भांडणांची त्यांची यादी अवघी सात नांवांची आहे. तींत चीनमधील तायपिंगचें बंड आहे, अमेरिकेंतील यादवी आहे, स्पेनमधील यादवी आहे. आणि १९४६ ते १९४८ मधील हिंदुस्थानांतील जातीय दंगेहि आहेत. किल्मनच्या खाडीकांठीं बसलेल्या त्या वृद्धानें पंजाब व बंगालच्या प्रेतांचीहि मोजदाद केली होती, हें वाचतांना आम्ही क्षणभर थांबलों. आपल्याकडे त्या मृतांची आठवण बहुधा एकमेकांस दोष देण्यापुरतीच निघते; त्यांस दोष न देतां मोजणारा हा एक मनुष्य.

ह्या नोंदवहीनें तिच्या कर्त्याची मनधरणी केली नाहीं. रिचर्डसन एस्पेरांतो ह्या कृत्रिम विश्वभाषेचे पुरस्कर्ते होते; भाषा एक झाली तर वैर कमी होईल अशी त्यांची आशा होती. आंकड्यांनीं ती खरी ठरविली नाहीं. धर्मभेदानें लढाया थोड्याशा वाढतात असें दिसलें; पण त्याबरोबरच ख्रिस्ती राष्ट्रें आपल्या वांट्याहून अधिक लढायांत गुंतलेलीं आढळलीं. धर्मनिष्ठ ख्रिस्ती मनुष्यानें हें आपल्या हातानें लिहून ठेविलें. युद्धें केव्हां सुरू होतात ह्याचा हिशेब पाहतां तीं अपघातांसारखीं विखुरलेलीं निघालीं. जग अधिक शहाणें होत चाललें आहे कीं अधिक खुळें, ह्याचा निर्णय त्यांवरून करतां येईना. शेजारी राष्ट्रांची संख्या जितकी जास्त तितक्या लढाया जास्त, एवढें मात्र स्पष्ट दिसलें. आणि शेजार तपासण्यासाठीं सरहद्दींचीं लांबी-मापें गोळा करतांना त्यांना एक चमत्कार आढळला. स्पेन व पोर्तुगाल ह्यांमधील एकच सरहद्द एका ठिकाणीं ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणीं १२१४ किलोमीटर दिलेली! मोजपट्टी जितकी आंखूड तितकी वांकणें अधिक सांपडतात आणि रेषा लांबत जाते, हें त्यांनीं दाखवून दिलें. त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ सालीं छापलेल्या ह्या टिपणावरून मॅण्डलब्रॉट ह्या गणितज्ञानें पुढें भूमितीची एक नवी शाखाच उभी केली. युद्धावरील दोन मोठे ग्रंथहि असेच १९६० सालीं मागाहून निघाले. हयातींत त्यांस प्रकाशक मिळाला नव्हता, आणि त्यांनीं ते सूक्ष्मचित्रफितीवर उतरवून ठेविले होते.

हवेचा ओढा मात्र सुटला नव्हता. १९४८ सालीं हेन्री स्टॉमेल नांवाचा तरुण अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ त्यांस भेटावयास आला, तेव्हां ह्या सहासष्ट वर्षांच्या गृहस्थानें त्याला धक्क्यावर नेलें, आणि पार्सनिप नांवाच्या पांढऱ्या गाजरासारख्या कंदाचे तुकडे दोघांनीं खाडींत टाकून ते एकमेकांपासून कसे दूर जातात तें मोजलें. तो कंद पाण्यांत जेमतेम तरंगतो आणि लांबून दिसतो, म्हणून त्याची निवड! ह्या प्रयोगाचा लेख हवामानशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पसरण्याचा जो नियम त्यांनीं १९२६ सालीं हवेसाठीं सांगितला होता, तोच खाडीच्या पाण्यांत आढळला.

१९५० सालीं अमेरिकेंत चार्नी, फ्योर्टोफ्ट व फॉन नॉयमन ह्या तिघांनीं ‘एनियाक’ ह्या विद्युत्‌यंत्रावर हवेचें पहिलें यशस्वी गणित केलें. चोवीस तासांच्या भाकितास सुमारें चोवीसच तास लागले. म्हणजे यंत्र हवेच्या जेमतेम बरोबरीनें धांवलें. तें यंत्र तोफांच्या गोळ्यांचे मार्ग काढण्यासाठीं सैन्यानें बांधविलेलें होतें. चार्नी ह्यांनीं आपलें टिपण किल्मनला पाठविलें. रिचर्डसन ह्यांनीं नकाशे डोरोथीबाईंपुढें ठेवले: हा कालचा, हा यंत्रानें वर्तविलेला, हा प्रत्यक्ष घडलेला, आतां घडलेल्याशीं कोणता अधिक जुळतो सांग. बाईंनीं एकेक जोडी पाहून कौल दिला. सरासरीनें यंत्राचें पारडें किंचित् जड झालें. हा निकाल त्यांनीं चार्नी ह्यांस कळविला, अभिनंदन केलें, आणि आपलें पुस्तक ज्या एकुलत्या एक व सर्वस्वीं चुकीच्या उत्तरावर संपलें त्याच्या मानानें ही फारच मोठी मजल आहे असें लिहिलें. ३० सप्टेंबर १९५३ रोजीं किल्मन येथें झोपेंतच त्यांचें देहावसान झालें. पुढच्या वर्षीं स्वीडनमध्यें यंत्राच्या गणितानें नेमानें भाकितें काढण्यास जगांत प्रथम सुरुवात झाली. तें काम त्या देशाच्या हवाई दलाच्या हवामान विभागानें केलें.